नोंदवही कोणाची?

महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीचे दार २०२५ साली अवघ्या तीन महिन्यांच्या अवधीत उघडले, मिटले आणि पुन्हा उघडले. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची नोंदणी १५ जुलैपासून सुरू होईल, असे परिषदेने जूनअखेर जाहीर केले. इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोधाचा आवाज चढवताच जुलैमध्येच शासनाने ही नोंदणी थांबवली व प्रकरण एका समितीकडे सोपवले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शासनाने नोंदणी सुरू करण्याचा आदेश पुन्हा दिला. आणि १८ सप्टेंबर रोजी राज्यातील आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप पुकारला. एका बाजूने संपाचा इशारा आला की पाऊल मागे, दुसऱ्या बाजूने आंदोलनाची हाक आली की पाऊल पुढे, अशी ही कवाईत झाली. ज्याच्या जिवासाठी ही नोंदवही निर्माण झाली, तो रुग्ण या साऱ्या धामधुमीत दवाखान्याच्या बाकावर आपला नंबर येण्याची वाट पाहत बसला होता. त्याला कोणी काही विचारले नाही.

या वादात कोणाची बाजू कितपत न्याय्य आहे याविषयी आमचे मत आम्ही पुढे मांडणार आहोत. परंतु त्याहून महत्त्वाचा, आणि दोन्ही पक्षांनी सोयीस्करपणे बाजूस ठेवलेला प्रश्न निराळाच आहे. आरोग्याच्या व्यवसायांचे नियमन करणारे कायदे कोणी तपासावयाचे, केव्हा तपासावयाचे आणि कोणत्या कसोटीवर तपासावयाचे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या राज्यात कोठेही लिहिलेले नाही. उत्तर लिहिलेले नसल्यामुळे ते दर वेळी मोर्चात, मंत्रालयाच्या दालनात किंवा न्यायालयाच्या पायरीवर शोधावे लागते. आणि अशा ठिकाणी मिळालेले उत्तर बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्याच पदरात पडते.

व्यवसायाची नोंदवही म्हणजे काय, याचा प्रथम विचार करू. वाण्याकडून तांदूळ घेताना गिऱ्हाईक दाणा दाताखाली धरून पाहते. कापड घेताना पोत चिमटीत धरून पाहते. डॉक्टरच्या ज्ञानाची अशी पारख रुग्णाला करता येत नाही. ज्या वेळी ती करण्याची निकड सर्वांत अधिक, नेमक्या त्याच वेळी तो तापाने फणफणलेला असतो किंवा त्याचे मूल त्याच्या मांडीवर निपचित पडलेले असते. म्हणून ही पारख शासन त्याच्या वतीने आगाऊ करून ठेवते आणि तिचा निकाल एका वहीत लिहून ठेवते. "या वहीत ज्याचे नाव आहे, त्याच्या हाती तू आपला जीव निःशंकपणे सोपवावास," असे ते शासनाने नागरिकाला दिलेले वचन होय. वहीत नाव असणे ही डॉक्टरच्या दृष्टीने प्रतिष्ठा असेल, उपजीविकेचे साधन असेल. पण वही त्यासाठी काढलेली नाही. हे मूळ सूत्र ध्यानी धरले म्हणजे पुढील पुष्कळसा गोंधळ आपोआप निवळतो.

दुर्दैवाने हे सूत्र आपल्याकडे आरंभापासूनच ढळत आले आहे. मुंबई इलाख्याचा १९१२ चा वैद्यक कायदा हा हिंदुस्थानातील या प्रकारचा पहिला प्रांतिक कायदा. इंग्लंडात १८५८ साली झालेल्या कायद्याच्या धर्तीवर तो घडवलेला होता, आणि त्याने स्थापन झालेल्या परिषदेने पहिल्या महायुद्धाच्या काळात एका पदवीधर डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. त्याच्या हातून रुग्णाला अपाय झाला म्हणून नव्हे. एका आयुर्वेद महाविद्यालयाशी त्याने संबंध ठेवला, हा त्याचा अपराध! रुग्णाच्या रक्षणासाठी उगारलेली छडी व्यवसायाच्या सोवळ्यासाठी वापरली गेली, ती अशी अगदी प्रारंभीच. त्या कृत्यावर त्या काळी झालेली टीका उगीच झाली नाही.

पुढे १९३८ साली, खेर मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर आरोग्यमंत्री असताना, देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंदणी करणारा कायदा मुंबई प्रांतात झाला. तोही अशा प्रकारचा देशातील पहिलाच. १९४६ च्या भोर समितीने देशात एकाच दर्जाचा, पूर्ण शिक्षण घेतलेला डॉक्टर असावा असा बहुमताने निर्णय दिला. तीन-चार वर्षांच्या शिक्षणाने तयार होणाऱ्या परवानाधारक डॉक्टरांची परंपरा त्यानंतर क्रमाने बंद पडली. हे डॉक्टर खेड्यांना पुरवठा करीत होते, तो बंद झाल्यास खेड्यात कोण जाणार, ही चिंता त्याच समितीच्या काही सभासदांनी भिन्नमतपत्रिकेत व्यक्त केली होती. ती चिंता खोटी ठरली असे म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही. नंतर होमिओपॅथीसाठी १९५९ चा, भारतीय वैद्यकासाठी १९६१ चा आणि आधुनिक वैद्यकासाठी १९६५ चा असे तीन स्वतंत्र कायदे राज्यात झाले. तीन कायदे, तीन नोंदवह्या, तीन मंडळे! प्रत्येक कायदा त्या त्या काळच्या गरजेतून आणि त्या त्या गटाच्या रेट्यातून जन्मला. पण या तिघांना एकत्र समोर ठेवून "यांतून रुग्णाचे हित नेमके किती साधते?" असा हिशेब मांडण्याचा प्रघात काही पडला नाही.

हिशेब न मांडल्याचे परिणाम न्यायालयांना निस्तरावे लागले. १९९२ साली मुंबईत एका तरुण माणसाला ताप आला. उपचार करणारा डॉक्टर होमिओपॅथीचा नोंदणीकृत पदविकाधारक होता. त्याने आधी विषाणुजन्य ताप म्हणून आणि मग विषमज्वर म्हणून आधुनिक औषधे दिली. रुग्ण दगावला. त्याच्या विधवेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९६ साली न्यायालयाने निर्वाळा दिला की, ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा मनुष्य, मग तो दुसऱ्या एखाद्या पद्धतीचा नोंदणीकृत डॉक्टर का असेना, वैदूच होय. तीन लाख रुपयांची भरपाई तिला मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९९८ मध्ये, पंजाबातून आलेल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, औषध लिहून देण्याचा हक्क हा वैद्यकी करण्याच्या हक्काला जोडलेला आहे, आणि आधुनिक वैद्यकी करण्याचा हक्क इतर पद्धतींच्या डॉक्टरांना मिळावयाचा तर तो राज्याच्या नोंदणी कायद्यातच असावयास हवा. साऱ्या किल्ल्या अशा रीतीने राज्याच्या नोंदवहीपाशी येऊन थांबल्या. म्हणूनच तिच्यावर आज एवढी झुंबड आहे.

या पार्श्वभूमीवर २०१४ साली महाराष्ट्र विधिमंडळाने होमिओपॅथी डॉक्टरांचा व वैद्यक परिषदेचा असे दोन्ही कायदे दुरुस्त केले. एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरला आधुनिक औषधे देण्याची मुभा त्या दुरुस्तीने दिली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अभ्यासक्रम सुरू केला. दुरुस्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. आणि अकरा वर्षांनंतर, जणू कायदा कालच झाला आहे अशा थाटात, राज्यात त्यावर रणकंदन माजले. कायदा करताना जी चर्चा व्हावयाची ती अंमलबजावणीच्या वेळी झाली, आणि तीही घोषणांच्या भाषेत. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

आता दोन्ही पक्षांचे म्हणणे पाहू. होमिओपॅथी डॉक्टर म्हणतात: मेळघाटात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या पाड्यांवर आधुनिक वैद्यकाचे पदवीधर जात नाहीत, तेथे आम्ही आहोत, विधिमंडळाने आम्हांला हक्क दिला आहे, विद्यापीठाने आमची परीक्षा घेतली आहे, मग नोंदणी अडवण्याचा अधिकार कोणाला? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. विधिमंडळाने केलेला कायदा एखाद्या संघटनेला अमान्य आहे म्हणून धूळ खात पडू देणे, हा कायद्याच्या राज्याचा धर्म नव्हे. आधुनिक डॉक्टरांचे म्हणणे असे: साडेचार वर्षांचा अभ्यास आणि त्यापुढे वर्षभर रुग्णालयातील उमेदवारी करून जे ज्ञान मिळते, ते एका वर्षात कसे मिळेल? औषधाचे नाव पाठ होईल. पण ते कोणाला द्यावयाचे नाही, हे कोण शिकवील? या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते अधिक गंभीर आहे. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर हे आधीच राष्ट्रीय संकट होऊन बसले असताना ती लिहून देणाऱ्या हातांची संख्या वाढवण्यापूर्वी दहा वेळा विचार झाला पाहिजे.

आमचे मत असे की, एका वर्षाच्या प्रमाणपत्राला पूर्ण वैद्यकीय पदवीच्या पंक्तीस बसवणे योग्य नव्हे. खेड्यातील गरज खरी असेल, आणि ती आहेच, तर तिच्यासाठी केलेली तरतूद खेड्यापुरती आणि गरजेपुरती असली पाहिजे: कोणती औषधे द्यावयाची त्यांची यादी ठरलेली, कोणत्या वेळी रुग्ण पुढे पाठवलाच पाहिजे ते ठरलेले, आणि दाराच्या पाटीवर डॉक्टरची पात्रता मराठीत ठळकपणे लिहिलेली. गडचिरोलीचे नाव पुढे करून मिळवलेला परवाना पुण्याच्या पेठेत किंवा ठाण्याच्या गृहसंकुलात वापरला जाणार असेल, तर खेड्याच्या नावावर घेतलेले ते कर्ज खेड्यात कधीच पोचले नाही असे म्हणावे लागेल. मग विचारावयास हवे होते ते प्रश्न हे: अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांपैकी किती जण डॉक्टर नसलेल्या गावी गेले? त्यांनी कोणती औषधे दिली? किती रुग्ण वेळेवर पुढे पाठवले गेले? किती तक्रारी आल्या? जाहीर वादाच्या केंद्रस्थानी हे प्रश्न असावयास हवे होते. तेथे होते ते संघटनांच्या सभासदसंख्येचे आकडे.

एवढे म्हटल्यावर कोणी सहज सुचवील की, मग कायद्याची ही तपासणी वैद्यक परिषदेनेच का करू नये? व्यवसायाचे ज्ञान तिच्याजवळ, तक्रारींची दप्तरे तिच्याजवळ, शिक्षेचा अधिकार तिच्याजवळ. सूचना वरवर पाहता रास्त आहे, आणि परिषदेवाचून ही तपासणी होऊ शकणार नाही हेही खरे. परंतु परिषद एकटी ती करू लागली तर काय होते, याचा धडा अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याने घालून दिलेला आहे. तेथील दंतवैद्यक मंडळावर बहुसंख्य सभासद स्वतः व्यवसाय करणारे दंतवैद्य होते. दात शुभ्र करून देण्याचा धंदा दंतवैद्य नसलेले लोक कमी पैशांत करू लागले, तेव्हा मंडळाने त्यांना धंदा बंद करण्याची पत्रे धाडली. हे सारे रुग्णांच्या रक्षणासाठी असे मंडळाचे म्हणणे. व्यापारी स्पर्धेचे रक्षण करणाऱ्या संघ-आयोगाने त्यात स्पर्धकांना हुसकण्याचा डाव पाहिला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचीच बाजू उचलून धरली. ज्यांचा स्वार्थ बाजारात गुंतलेला आहे, अशांच्या बहुमताने चालणारे मंडळ केवळ शासकीय नाव धारण करते म्हणून कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही; त्याच्यावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख असावयास हवी, असा त्या निकालाचा इत्यर्थ. तळे राखील तो पाणी चाखील, ही आपली म्हण तेथील न्यायमूर्तींना ठाऊक नसावी. पण तिचा अनुभव त्यांना आला खरा.

आपल्याकडे तर याच्या उलट टोकाचीही आपत्ती ओढवलेली आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या निर्वाचित सभासदांची मुदत २०२२ साली संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. जेथे निर्वाचित मंडळ असते तेथे व्यवसायाच्या हितसंबंधांचे भय. जेथे प्रशासक असतो तेथे मंत्रालयाच्या मर्जीचे भय. जून ते सप्टेंबर २०२५ या काळात परिषदेने नोंदणी जाहीर केली, थांबवली आणि पुन्हा हाती घेतली, ती स्वतःच्या विचाराने की वरून आलेल्या आज्ञेने, याचा उलगडा करण्यास फारशी बुद्धी लागत नाही. आणि दोन्ही व्यवस्थांत एक गोष्ट समान आहे. डॉक्टरांचा मतदारसंघ आहे, शासनाचे नामनिर्देशन आहे. रुग्णांचा मतदारसंघ म्हणून काही नाहीच.

रुग्ण सभेत हजर नसला म्हणजे कायद्यात काय राहून जाते, त्याचा एक दाखला दिल्लीने दिला आहे. २००२ च्या आचारसंहितेत, पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार, राज्य परिषदेच्या निर्णयाने नाराज झालेल्या कोणाही व्यक्तीला वरच्या परिषदेकडे साठ दिवसांत अपील करता येत असे. २०१९ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या तिसाव्या कलमात अपिलाचा हक्क शब्दशः लिहिला गेला तो डॉक्टरला. तक्रार करणाऱ्या रुग्णाचा उल्लेख तेवढा राहून गेला! ज्याला शिक्षा झाली त्याला दाद मागण्याचे दार उघडे, आणि ज्याचे माणूस गेले त्याने मात्र कायद्याच्या ओळीओळीत आपले नाव शोधीत बसावयाचे. हे कोणी दुष्टाव्याने केले असे आम्ही म्हणत नाही. पण मसुदा तयार होत असताना टेबलाभोवती रुग्णांच्या वतीने बोलणारे एक जरी माणूस असते, तर हा प्रमाद पहिल्याच वाचनात त्याच्या डोळ्यांत खुपला असता. त्याच आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांसाठी नवी आचारसंहिता मोठ्या गाजावाजाने प्रसिद्ध केली. मूळ नावाची औषधे लिहिण्याच्या सक्तीवरून गदारोळ उठताच तीन आठवड्यांच्या आत ती स्थगित केली आणि २००२ ची संहिता पुन्हा चालू केली. रोग मुंबईत आणि दिल्लीत एकच आहे. कायदा आधी, विचार मागून.

मग याला उपाय काय? परदेशांतील उदाहरणे डोळे मिटून उचलावीत, या मताचे आम्ही नाही. तथापि काही राज्यांनी या प्रश्नाचा जो विचार केला आहे, तो आपण निदान वाचावयास हरकत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १९७६ साली असा कायदा केला की, नियामक मंडळांना अमर पट्टा मिळणार नाही; ठरलेली मुदत संपली की मंडळ आपोआप बरखास्त होईल, आणि त्याला पुढे जगावयाचे असेल तर आपली उपयुक्तता सिद्ध करावी लागेल. तेथे विचारला जाणारा पहिला प्रश्नच असा असतो की, लोकांच्या आरोग्यासाठी व सुरक्षिततेसाठी हे नियमन आवश्यक आहे काय. आणि असल्यास, सर्वांत कमी जाच होईल असे त्याचे स्वरूप कोणते? टेक्सासने १९७७ साली हीच वाट धरली. तेथे मंडळांची सर्वसाधारणपणे दर बारा वर्षांनी झडती होते. मंडळ प्रथम स्वतःचे परीक्षण लिहून देते, विधिमंडळाच्या आयोगाचे कर्मचारी ते तपासून अहवाल प्रसिद्ध करतात, लोकांच्या साक्षी होतात, आणि मग विधिमंडळ निर्णय करते. याखेरीज मंडळांनी स्वतः केलेले नियम दर चार वर्षांनी तपासून ते ठेवावयाचे, बदलावयाचे की रद्द करावयाचे, हे कारणांसह सांगण्याचे बंधन तेथील शासकीय संस्थांवर आहे.

या पद्धतीत धोका नाही असे मात्र कोणी समजू नये. २०१७ साली टेक्सासच्या विधिमंडळात निराळ्याच विषयांवरून रस्सीखेच झाली आणि तिच्यात वैद्यक मंडळाची मुदत वाढवणारे विधेयक अडकून पडले. डॉक्टरांना परवाने देणारे मंडळच नाहीसे होण्याची पाळी आली! शेवटी खास अधिवेशन बोलावून त्याचा जीव वाचवावा लागला. आपल्या विधिमंडळाची अधिवेशने कशी पार पडतात, हे वाचकांना सांगावयास नको. तेव्हा मंडळ आपोआप बुडण्याची तरतूद आपल्याकडे आणू नये, हेच शहाणपणाचे. घ्यावयाचे ते झडतीचे तत्त्व. बुडण्याची तलवार नव्हे.

ब्रिटनचा अनुभव याहून कटू आणि म्हणून अधिक बोधप्रद आहे. हॅरल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरला जानेवारी २००० मध्ये पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. पुढील चौकशीत बळींची संख्या दोनशेच्या वर गेली. नोंदवहीत त्याचे नाव होतेच. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००४ साली ठपका ठेवला तो जनरल मेडिकल कौन्सिलच्या वृत्तीवर: रुग्णांच्या रक्षणापेक्षा डॉक्टरांना न्याय्य वागणूक मिळते की नाही, याचीच तिला अधिक काळजी. दीडशे वर्षांच्या या संस्थेने तो ठपका गिळून स्वतःची रचना बदलली. तिच्या बारा सभासदांपैकी सहा डॉक्टर आणि सहा डॉक्टर नसलेले नागरिक, अशी व्यवस्था झाली. डिसेंबर २०१२ पासून डॉक्टरांच्या पात्रतेची ठराविक काळाने फेरतपासणी सुरू झाली. आणि कौन्सिलच्या कारभाराचीही तपासणी दुसरी स्वतंत्र संस्था दर वर्षी करू लागली. आमच्या १९१२ च्या कायद्याने ज्या इंग्रजी कायद्याचा कित्ता गिरवला, तो कित्ता त्याच्या जन्मदात्यांनी केव्हाच पुसून नवा लिहिला. आम्ही मात्र जुन्या अक्षरांवरूनच बोट फिरवीत आहो.

महाराष्ट्राने काय करावे, हे आम्ही मोघमपणे सांगू इच्छीत नाही. वैद्यकीय व इतर व्यवसायांचा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. सार्वजनिक आरोग्य तर राज्य सूचीतच आहे. केंद्राच्या कायद्याची मर्यादा सांभाळूनही राज्याला पुष्कळ करता येण्याजोगे आहे. पहिली गोष्ट, आरोग्याच्या सर्व व्यवसायांचे राज्य कायदे, म्हणजे आधुनिक वैद्यक, भारतीय वैद्यक, होमिओपॅथी, परिचर्या आणि अन्य, दर दहा वर्षांनी एकाच वेळी आणि एकाच मंडळाने तपासावेत. वेगवेगळे तपासले की प्रत्येक परिषद आपापल्या कुंपणाची उंची मोजते. कुंपणांच्या मधल्या बोळात पडलेला रुग्ण कोणाच्याच मोजणीत येत नाही. दुसरी, या मंडळावर निम्मे सभासद आरोग्य व्यवसायाशी संबंध नसलेले नागरिक असावेत, आणि त्यांत ग्रामीण भागाला हक्काचे स्थान असावे. तिसरी, प्रत्येक परिषदेने आधी स्वतःचा लेखाजोखा मराठीत प्रसिद्ध करावा: तक्रारी किती आल्या, किती निकालात निघाल्या, निकालास सरासरी किती काळ लागला, किती जणांची नावे काढली, किती जणांना नुसती समज देऊन सोडले. चौथी, कोणताही बदल सुचवणाऱ्यावर, मग ती संघटना असो वा शासन, एक जबाबदारी असावी. या बदलाने रुग्णाचा कोणता अपाय टळेल किंवा कोणती सोय होईल, ते त्याने पुराव्याने दाखवावे. आणि पाचवी, मंडळाचा अहवाल सहा महिन्यांच्या आत शासनाच्या उत्तरासह दोन्ही सभागृहांपुढे यावा. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात नोंदवहीत प्रवेश देण्याची अट केवळ शासकीय आदेशाने सैल किंवा घट्ट करू नये. तसे करणे अपरिहार्य झालेच, तर त्याची कारणे त्याच आदेशात लिहावीत.

यावर आक्षेप येतील, ते आम्ही जाणून आहो. आणखी एक समिती, आणखी एक अहवाल, आणखी एक कपाट, असे कोणी उपहासाने म्हणेल. समित्यांच्या अहवालांनी भरलेली कपाटे आम्हीही पाहिली आहेत. पण ज्या समित्या वाद विझवण्यासाठी नेमल्या जातात त्यांचे अहवाल कपाटात जातात, कारण वाद विझला की त्यांचे कामच संपलेले असते. ठरलेल्या वेळी, वाद नसतानाही, कायद्याच्या आज्ञेने बसणाऱ्या मंडळाची गोष्ट निराळी. दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येईल: वैद्यकातले बारकावे सामान्य माणसाला काय कळणार? औषधाची मात्रा किती असावी, हे त्याला कळणार नाही, हे मान्य. पण तक्रार केल्यावर तीन वर्षे उत्तर येऊ नये हे योग्य की अयोग्य, दारावरच्या पाटीवरील अक्षरांचा अर्थ त्याला समजावा की समजू नये, आणि आपल्या गावी डॉक्टर नसताना कायद्याने काय करावे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळते? न्यायालयाच्या निर्णयाआधी व्यवसायाच्या परिषदेकडे जाणारा नागरिक तेथे न्यायाच्या आशेने जातो. तेथे त्याला एकही आपले माणूस दिसू नये, ही गोष्ट डॉक्टरांच्या प्रतिष्ठेलाही भूषणावह नाही. मारहाणीच्या ज्या निंद्य प्रकारांविरुद्ध डॉक्टर योग्यच आवाज उठवतात, त्यांच्या मुळाशी असलेला अविश्वास कमी करावयाचा असेल तर त्याचा एक मार्ग याच दारातून जातो.

पुढील संप केव्हा होईल आणि तो कोणाचा असेल, हे भविष्य वर्तवण्याचे आम्हांस कारण नाही. नोंदवहीवरून भांडण मात्र पुन्हा होईल, यात संशय नको. डॉक्टर कमी आणि रुग्ण अफाट अशी स्थिती जोवर आहे, तोवर नवे नवे गट वहीच्या दाराशी येणार. आधीचे आत असलेले ते दार धरून उभे राहणार. आणि शासन दोघांच्या मतांची मोजदाद करीत राहणार. यांतील कोणावाचूनही राज्याचे चालावयाचे नाही. पण या तिघांपैकी कोणीही नोंदवहीचा मालक नव्हे. भर पावसात आजारी मूल खांद्यावर टाकून, दोन नाले ओलांडून, जी बाई दवाखान्याच्या पाटीसमोर उभी राहते आणि तिच्यावरची अक्षरे न वाचताच आत शिरते, तिच्या विश्वासावर ही वही उभी आहे. तिच्या अनुपस्थितीत त्या वहीचे नियम बदलण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही. विधिमंडळाने पुढील अधिवेशनात दुसरे काही केले नाही तरी चालेल. पण या तपासणीचा कायदा करून तिला त्या सभेत बसावयास एक खुर्ची तेवढी द्यावी.